अमानतीतली राजदूत

हे लिहिणारे आम्ही दोघे भाऊ आहोत. एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने वाचून चूक काढायची असे ठरले, म्हणून यात सगळीकडे 'आम्ही' आले आहे. शिवाय ज्या चुकीबद्दल लिहायचे आहे तीही दोघांनी मिळून केली होती. तेव्हा 'मी' म्हणून एकाने पुढे येणे आणि दुसऱ्याने मागे लपणे बरे दिसणार नाही.

आमचे गॅरेज जालन्यात, कादराबादच्या बाजूला. दोन पत्र्यांची शेड, समोर कडुलिंब. अब्बांनी ते सुरू केले तेव्हा जालना हा वेगळा जिल्हाही झाला नव्हता, तो १ मे १९८१ला झाला. गॅरेजला नावाची पाटी नव्हती. गिऱ्हाईक म्हणायचे, 'मिस्त्रीकडे जातो.' कोणता मिस्त्री हे विचारावे लागत नसे, कारण राजदूत आणि येझदी दुरुस्त करणारे हात मोजकेच होते.

आजकाल शहरातली मुले महागड्या गाड्या घेऊन मुद्दाम डोंगरात, चिखलात जातात. त्याला 'ऑफरोड' म्हणतात. हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला तेव्हा हसूच आले. आमच्या गिऱ्हाइकांना ऑफरोड जायला कुठे जावे लागत नव्हते, कारण रोडच नव्हता. मंठा, परतूर, घनसावंगीकडच्या कितीतरी वाड्या-वस्त्यांना डांबरी रस्ता मिळाला तो २०००मध्ये पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाल्यानंतर. त्याआधी गाडीवाट, पांदी आणि काळी माती. मृगाचा पाऊस पडला की ही माती चाक आणि मडगार्डच्या मधे थापली जाते आणि चाक जागच्या जागी जाम होते. शेतकरी खाली उतरून काडीने चिखल उकरायचा. काहीजण तर पावसाळ्यापुरते पुढचे मडगार्ड काढून गॅरेजमध्ये ठेवून जायचे. दिवाळीला परत बसवायचे.

अशा वाटेवर राजदूत चालायची. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीची ही गाडी मुळात पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीवरून घेतलेली. १७३ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, तीन गिअर, जाड पत्रा. वेग फार नाही, पण पहिल्या गिअरमध्ये खिल्लारी बैलासारखी ओढायची. दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन, मधे मालक, मागे कधी बोकड, कधी सरकीचे पोते. १९७३च्या 'बॉबी' सिनेमात हिरो-हिरॉईनला घेऊन पळणारी छोटी राजदूत सगळ्यांना आठवते, पण मराठवाड्यातली खरी राजदूत ही दूधवाल्याची.

येझदी जरा शौकिनाची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१पासून आधी जावा आणि १९७३पासून येझदी या नावाने ती निघत असे. मूळ कंपनी चेकोस्लोव्हाकियातली. त्याच देशातल्या सीझेड गाडीवर बेल्जियमचा जोएल रोबेर १९६४मध्ये चिखलातल्या शर्यतींचा, म्हणजे मोटोक्रॉसचा, जगज्जेता झाला होता. आम्हाला हे पुष्कळ नंतर कळले. अब्बांना तर कधीच कळले नाही. त्यांना एवढेच ठाऊक होते की येझदीची कीक आणि गिअर एकाच दांडीवर असतात आणि नवखा माणूस तिथे हमखास नडगी फोडून घेतो.

१९८५मध्ये हिरो होंडा आली. लिटरला भरपूर अ‍ॅव्हरेज, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही. म्हैसूरचा कारखाना १९९६मध्ये बंद पडला. राजदूतही पुढे बंद झाली. बंद झालेल्या गाड्या जालन्यात कुठे जातात हे वेगळे सांगायला नको. इथे सळईचे कारखाने आहेत. भंगार भट्टीत जाते आणि सळई होऊन बाहेर येते. आमच्या हातून गेलेल्या किती गाड्या आज कुणाकुणाच्या स्लॅबमध्ये असतील, अल्लाह जाणे.

तर २०१२च्या जूनमध्ये मंठा तालुक्यातले एक शेतकरी आपल्या मयत वडिलांची राजदूत टेम्पोत टाकून घेऊन आले. आम्ही त्यांना दादा म्हणायचो, ते अब्बांना चाचा म्हणायचे. गाडी कित्येक वर्षे गोठ्यात पडलेली. टाकीत गंज, सीट उंदरांनी कुरतडलेली, पिस्टन चिकटलेला. दादा म्हणाले, "चाचा, भारी नका करू. रंग नको. बाबा होते तशी चालू करून द्या. आईला आवाज ऐकायचाय." पाचशे रुपये देऊन गेले. बाकीचे पैसे मोसंबी विकल्यावर देतो म्हणाले.

त्या वर्षी पाऊस आला नाही. २०१२-१३चा दुष्काळ जालन्याइतका थोड्याच जिल्ह्यांनी सोसला असेल. लोकांनी टँकरच्या पाण्यावर मोसंबीच्या बागा जगवून पाहिल्या आणि शेवटी कुऱ्हाड लावली. दादांची बागही गेली. ते बायकोमुलांसह पुण्याकडे रखवालदारीला गेल्याचे कुणीतरी सांगितले. राजदूत आमच्या शेडच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली राहिली.

अब्बांनी तिचे काम सुरू करून ठेवले होते. प्लगच्या भोकातून डिझेल आणि ऑइल सोडून आठ दिवस इंजिन भिजू दिले, मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचे चाक रोज थोडे थोडे पुढे-मागे हलवत राहिले. नवव्या दिवशी पिस्टन सुटला. हातोडी मारली नाही. टाकीत रॉकेल आणि मूठभर नट टाकून आम्हाला ती तासभर हलवायला लावली, तेव्हा गंज निघाला. क्रँकचे ऑइल सील दगडासारखे झाले होते. टू-स्ट्रोकमध्ये सील गेले की इंजिन बाहेरची हवा ओढते आणि कितीही कीक मारा, धड चालत नाही. ते बदलले. पुढच्या फोर्कचे बुश झिजले होते, ते लेथवर करून घेतले. मग हात थांबला, कारण मालकाचा निरोप नाही आणि घरात पैसा नाही.

२०१३च्या उन्हाळ्यात बदनापूरकडचा एक दूधवाला आला. त्याच्या राजदूतचा कार्बोरेटर फुटला होता. नवा मिळत नव्हता आणि दूध तर रोज पोचवायचे होते. अब्बा नमाजला गेले होते. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले, गोणपाट उचलले, कोपऱ्यातल्या राजदूतचा कार्बोरेटर काढला आणि त्याला बसवून दिला. आठशे रुपये मिळाले. त्यात घरातले वीजबिल भरले. 'दुसरा मिळाला की बसवून टाकू, कुणाला कळतंय,' असे आम्ही एकमेकांना सांगितले. अब्बा लहानपणापासून एकच गोष्ट सांगत आले होते, "लोगां की चीजां हैं, अमानत हैं. हात लगाना तो पूछ के लगाना." ते आम्हाला तोंडपाठ होते आणि तरी आम्ही ते केले. अब्बा परत आले, काही बोलले नाहीत. आम्हाला वाटले, कळले नाही.

२०१५च्या जानेवारीत अब्बांचा इंतकाल झाला. जनाजाच्या नमाजेआधी आमच्यातल्या मोठ्याने रिवाजाप्रमाणे उभे राहून सांगितले, की मरहूमवर कुणाचे देणे असेल तर ते आता आमच्यावर आहे. कुणी पुढे आले नाही. आम्हाला बरे वाटले.

चाळीसाव्यानंतर गॅरेजची वही काढली. ती अब्बा उर्दूत लिहायचे. आम्ही दोघेही जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलो, आठवीनंतर पान्याला लागलो. घरात दखनी बोलतो, गॅरेजमध्ये मराठी, कुरआन अरबीत पढतो, पण स्वतःच्या बापाचा हिशोब आम्हाला वाचता येत नव्हता. आमची भाची उर्दू शाळेत सातवीला होती. तिला बसवले. ती बोट ठेवून वाचू लागली. कुणाचे तीनशे येणे, कुणाचे दीडशे. मग म्हणाली, "मंठेवाले की राजदूत. पाँच सौ जमा. कार्बोरेटर लड़कों ने निकाला. हमारे जिम्मे."

तिने पुढची ओळ वाचायला घेतली, तेव्हा आम्ही तिला थांबवले. अब्बांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. ते आम्हाला बोलले नाहीत, फक्त ते देणे स्वतःच्या नावावर लिहून घेतले. आणि आम्ही कब्रस्तानात साऱ्या लोकांसमोर विचारत होतो, कुणाचे देणे आहे का.

२००६च्या सच्चर समितीच्या अहवालात मुसलमान कामगार ज्या धंद्यांत जास्त दिसतात त्यांत वाहनदुरुस्तीही आहे. कारण उघड आहे. शाळा लवकर सुटते आणि भांडवल लागत नाही. पण एक भांडवल लागते. माणूस गाडी सोडून जातो, चावी देतो, आत कोणता पार्ट आहे हे पाहत नाही. गावात कधी वातावरण तापते, बंद पुकारला जातो, तरीही तो चार दिवसांनी येऊन गाडी तशीच मिळेल असे धरून चालतो. एवढ्यावरच आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी चुली पेटतात. ते भांडवल आम्ही आठशे रुपयांना मोडले होते.

त्याच उन्हाळ्यात पुण्याहून एक शौकीन आले. त्यांना जुन्या गाड्या नव्यासारख्या करून ठेवायची आवड. गोणपाट उचलून पाहिले आणि चाळीस हजार देतो म्हणाले, कार्बोरेटर नसला तरी चालेल. तीन वर्षे मालक फिरकला नव्हता. अब्बांच्या आजारपणाचे कर्ज होते. खरे सांगायचे तर त्या रात्री आमचे भांडण झाले. धाकटा म्हणत होता, मालकाला पैसे देऊन टाकू. थोरला म्हणत होता, मालकाने पैसे मागितले नाहीत, आवाज मागितला आहे. सकाळी आम्ही त्या गृहस्थांना नाही म्हणून सांगितले.

मग कार्बोरेटर शोधायला निघालो. बदनापूरच्या दूधवाल्याने गाडी कधीच भंगारात घातली होती. जालन्याची भंगार दुकाने पाहिली, मग त्या वेळच्या औरंगाबादची. चौथ्या खेपेला एक मिळाला, बाराशेला. नवा नव्हता. पेट्रोलमध्ये भिजवून, जेट फुंकून साफ केला. पॉइंट घासले, त्यांचा गॅप अब्बा करायचे तसा पोस्टकार्डाचा तुकडा घालून ठेवला. कंडेन्सर बदलला, चाकाची आऊट काढली, सायलेन्सर विस्तवात भाजून कार्बन झाडला. रंगाला हात लावला नाही. लिटरला चाळीस मिली ऑइल घातले आणि कीक मारली. सातव्या कीकला ती बोलली.

२०१६ला पाऊस चांगला झाला. दसऱ्यानंतर दादा आले. चाचा गेल्याचे ऐकून बराच वेळ कडुलिंबाखाली बसले. आम्ही गाडी बाहेर काढली, पण चावी देण्याआधी सगळे सांगितले. हा कार्बोरेटर तुमच्या बाबांच्या गाडीचा नाही, तो आम्ही काढून विकला. दादांचा चेहरा उतरला. ते काही वेळ टाकीवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "सांगितलं ते बरं केलं." आम्ही मजुरी घेणार नव्हतो. त्यांनी सीलचे आणि बुशचे पैसे मोजून दिले, कार्बोरेटरचे दिले नाहीत. ते बरोबरच होते.

ती गाडी अजून शेतात जाते. २०२१च्या सरकारी नियमाप्रमाणे पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंद मिळते, पण मग ती रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही. आम्ही दादांना हे सांगितले. ते म्हणाले, "मग नको. तिला काय देव्हाऱ्यात बसवू?" दर वर्षी मृगाआधी ते पॉइंट लावून घ्यायला येतात. आईने आवाज ऐकला, हेही त्यांनीच सांगितले.

गॅरेजची वही आता आम्ही मराठीत लिहितो. गिऱ्हाइकाने ठेवलेल्या प्रत्येक पार्टापुढे एक शब्द मात्र अब्बांचाच ठेवला आहे, जिम्मे. तो भाचीकडून शिकून उर्दूत लिहितो. अक्षर अजून नीट येत नाही.