आमच्या जीपचा हौदा

आमच्या घरची जीप सरकारच्या व्याख्येनुसार विंटेज नाही. वयात बसते, रूपात बसत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुन्या गाड्यांसाठी नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झाली असतील तर वीस हजार रुपये भरून गाडी विंटेज म्हणून नोंदवायची, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात आणि नोंदणी दहा वर्षं चालते. आमची जीप १९६६ची, म्हणजे वयाचा प्रश्न नाही. पण त्याच नियमात पुढे अट आहे: गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. आमच्याकडे तिन्ही झालेत. चासी दीड फूट लांबवली आहे, पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन आहे आणि पुढच्या दोन सीटांच्या मागे, जिथे आडवी बाकडी असायची, तिथे लाकूड-लोखंडाचा हौदा आहे.

माझा चुलतभाऊ पुण्यात असतो. त्याला हा हौदा कापून काढायचा आहे. त्याचं म्हणणं सरळ आहे. मागचा टप पत्र्यात नवा बनवून मिळतो, चासी पुन्हा मापात आणता येते, मूळ जातीचं इंजिन शोधलं तर सापडतं. मग व्हीए नंबर, रॅली, आणि विकायचीच ठरली तर चांगले पैसे. आप्पा, म्हणजे आमचे आजोबा, गेल्यावर गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे. नावावरून काढायला सगळ्या वारसांची सही लागते. माझे वडील २०१९ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या जागी सही माझी. भाऊने कागद व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, एवढं करून टाक." कागद तसाच पडून आहे आणि मी मात्र गेले दोन महिने गाड्यांच्या पाठीवर हौदे कसे आले ते वाचत बसले आहे.

गाडी कापून तिला मालवाहू करण्याची अक्कल काही आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत फोर्डची मॉडेल टी खेड्यापाड्यांत पोचली तेव्हा शेतकऱ्यांनी स्वतःच मागची बाजू काढून तिथे खोकी आणि फळ्या बसवल्या. लोक करतायत हे पाहून बाजारात तयार हौदे विकणारे आले, आणि शेवटी १९२५ साली फोर्डने कारखान्यातूनच हौदा बसवलेली मॉडेल टी काढली, किंमत २८१ डॉलर. कंपनीने पिकअपचा शोध लावला असं म्हणतात तेव्हा मला गंमत वाटते. कंपनीला ती गोष्ट सर्वांत शेवटी कळली होती.

ऑस्ट्रेलियातली हकिगत मला जास्त आवडते. १९३२ साली एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्डच्या तिथल्या ऑफिसला पत्र लिहिलं, की रविवारी चर्चला नीट बसून जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी एकच गाडी आम्हाला द्या, दोन परवडत नाहीत. जिलाँगच्या कारखान्यातल्या लू बँट या तरुण डिझायनरने पुढून मोटार आणि मागून हौदा असं चित्र काढलं आणि १९३४ मध्ये ती गाडी बाजारात आली. तिकडे तिला 'यूट' म्हणतात. त्या बाईचं नाव इतिहासात राहिलं नाही, बँटचं राहिलं. हे आपल्या ओळखीचंच आहे.

आपल्याकडे जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. पुढे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात डॉज, प्लिमथ, फार्गो जोडल्या. या जुन्या अमेरिकन मोटारींची एक खुबी होती. खाली लोखंडी चासी वेगळी आणि वर बॉडी वेगळी, बोल्टने बसवलेली. बॉडी सडली तर ती काढून चासीवर दुसरं काहीही बसवता येतं. अँबेसेडर आणि फियाट आल्या त्या वेगळ्या बांधणीच्या. त्यांत बॉडी हाच सांगाडा. छप्पर आणि मागचे खांब कापले की गाडीच्या कमरेतला जोर जातो, खाली वेगळे मजबूत लोखंड घालावे लागते. म्हणून जी गाडी 'बंगल्यातली' होती ती पिकअप व्हायला नाराज असायची आणि जी ओबडधोबड होती ती आनंदाने व्हायची.

जीपइतकी ओबडधोबड दुसरी कुठली नव्हती. महिंद्राने १९४७ मध्ये विलीज जीपला हात घातला. सुटे भाग यायचे आणि मुंबईत माझगावला गाड्या जोडल्या जायच्या. आमची आहे ती सीजे थ्रीबी. उंच बॉनेटवरून ओळखू येते. आतलं हरिकेन इंजिन उंचीला जास्त होतं, म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ला बंद झालं, महिंद्राने त्यानंतरही कितीतरी वर्षं चालू ठेवलं. हौदा असलेली आणि ड्रायव्हर थेट इंजिनावर बसतो अशी एफसी जीपही महिंद्राने काढली होती. पण ती नवी घ्यायला पैसे लागत. आप्पांकडे नव्हते.

आप्पांनी १९७४ साली सरकारी लिलावात ही जीप घेतली. तेव्हा नंदुरबार धुळे जिल्ह्यातला तालुका होता (जिल्हा झाला १ जुलै १९९८ला), म्हणून आरसी बुकावर शिक्का धुळ्याचा. १९७३ नंतर पेट्रोल असं भडकलं की आप्पांनी दोन वर्षांतच ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन बसवून घेतलं. त्याचा आवाज विहिरीवरच्या इंजिनासारखा होता. शहरातून आलेले पाहुणे हसायचे. आप्पा अहिराणीत विचारायचे, "चालस ना? मंग बठ्ठं बेस शे."

हौद्याचं कारण मिरची. नंदुरबारचं मिरची मार्केट ज्यांनी पाहिलं नाही त्यांना कल्पना यायची नाही. दसऱ्यानंतर ओली लाल मिरची यायला लागते. व्यापारी ती गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर वाळत घालतात आणि एकराच्या एकर जमीन लाल होते. ओल्या मिरचीला थांबता येत नाही. दोन दिवस गोणीत राहिली की आतून तापते, डाग पडतात, भाव उतरतो. बैलगाडीने यार्डात पोचायला रात्र जायची आणि ट्रकवाला एका शेतकऱ्याच्या सात क्विंटलसाठी वळायला तयार नसायचा. १९७९च्या हंगामाआधी आप्पांनी जीप गॅरेजला लावली.

मूळ जीपच्या दोन चाकांमधलं अंतर ऐंशी इंच. एवढ्या आखूड गाडीवर मागे वजन टाकलं की पुढचं तोंड हलकं होतं, स्टिअरिंग हातात राहत नाही. म्हणून आधी चासी मधोमध कापली, दीड फूट चॅनेल घातलं, दोन्ही बाजूंनी पट्ट्या मारल्या. दांडा लांबवला. मागच्या कमानीत दोन पाटे वाढवले. मग तळाला सागाच्या फळ्या, कडेला अँगल आणि मागे खाली पडणारा फाळका. माझे वडील तेव्हा सोळा वर्षांचे होते आणि शाळा बुडवून तिथे बसायचे. मिस्त्रीने त्यांच्या हातात वेल्डिंगची कांडी दिली आणि फाळक्याच्या आतल्या अँगलवर त्यांनी वेल्डिंगच्या थेंबांनी स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. वाकडं आलंय. भाऊच्या यादीत 'भंगारात देणे' या मथळ्याखाली फाळका तिसरा आहे.

मिरचीशिवाय त्या हौद्यातून काय काय गेलं याची गणती नाही. कापूस, खत, लग्नाची भांडी, गणपती. साप चावलेला आमचा सालदार त्यातूनच तालुक्याच्या दवाखान्यात गेला, कापसाच्या गोण्यांवर झोपवून, आणि वाचला. तो आता सत्तरीला आलाय. हौदा काढणार हे कळल्यावर एक दिवस येऊन तो गाडीभोवती फिरला, फळी दाबून पाहिली, चहा पिऊन गेला. बोलला काही नाही.

इथे मला लाडात येऊन लिहायचं नाही. हौद्यात माणसं बसवणं चूक आहे आणि आमच्या जिल्ह्यात ती रोज बसतात. दिवाळीनंतर धडगाव, अक्कलकुव्याकडून ऊसतोडीला गुजरातेत जाणारी कुटुंबं पिकअपमध्ये उभी असतात, बाजाराची तीच तऱ्हा, लग्नाची तीच. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्यांची पिकअप चांदसैली घाटात दरीत गेली आणि माणसं मेली. सातपुड्यातल्या काही पाड्यांवरून अजूनही आजाऱ्याला बांबूच्या झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणतात. तिथे उभी असते ती बऱ्याचदा पिकअपच. एसटी जिथे दिवसातून एकदा येते किंवा येतच नाही तिथे लोक हौद्यात बसतात ते हौसेने नाही.

कायदाही जुगाडाच्या बाजूने नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ फेरफाराला आडवं येतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून हटून गाडी बदलता येणार नाही. आपल्या शेजारी सौराष्ट्रात बुलेटचं पुढचं अर्धं अंग आणि मागे हौदा असा छकडो वर्षानुवर्षं धावला. २००५ला टाटाचा छोटा हाथी आला, बोलेरो पिकअप गावोगाव झाली, आणि घरच्या घरी गाडी कापायची गरज संपली. हे चांगलंच झालं. नव्या पिकअपचे ब्रेक आमच्या जीपपेक्षा शंभर पटीने बरे आहेत. नाना, म्हणजे भाऊचे वडील, आता तिला मळ्याबाहेर काढतही नाहीत. शेतातून खळ्यापर्यंत, बस.

मग अडतं कुठे? भाऊ म्हणतो, "मूळ रूप म्हणजे कारखान्यातून निघाली तसं." पण त्या रूपात ती सरकारी साहेबांना घेऊन फक्त आठ वर्षं फिरली. हौद्यासकट चाळीसच्या वर वर्षं झाली. रॅलीत उभ्या असलेल्या चकचकीत जीपकडे बघून लोक म्हणतील, वा, जुनी गाडी. आमच्या घरात ती गाडी कधी नव्हतीच. ती एका खात्याची होती. आम्ही घेतली ती भंगाराच्या भावात, आणि आमची झाली ती गॅरेजमध्ये.

भाऊला मी हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तू भावनेत अडकलीस, नानांना डिझेलचे पैसे मी देतो." दुसरं वाक्य खरं आहे. पैसे तोच देतो, फिल्टरही तोच बदलून जातो, म्हणून त्याच्यावर रागावता येत नाही.

शेवटी मी दुसरा कागद करून पाठवला. गाडी नानांच्या नावावर करायला माझी संमती आहे. हौदा, फाळका आणि चासी नाना असेपर्यंत कुणी कापायची नाही, असं त्यात लिहिलं. वकील म्हणाले, या दुसऱ्या वाक्याला कायद्यात फारसा अर्थ नाही. मी म्हटलं, राहू द्या. भाऊने निळ्या टिका येऊनही उत्तर दिलेलं नाही. परवा मात्र त्याने नानांना फोन करून मागच्या कमानीतला तुटलेला पाटा किती इंची आहे ते विचारलं. नानांनी टेप लावून मोजला आणि सांगितला.