तूरमालेच्या पायथ्याची लोहारशाळा

पिरेनीजला जाऊन लोक काय बघतात? बर्फ, धबधबे, गेला बाजार लूर्दचं चर्च. मी गेले ती एका लोहारशाळेसाठी. सांत-मारी-द-काँपाँ हे गाव एवढंसं, की गाडीत नकाशा उलगडेपर्यंत संपतं! पण टूर द फ्रान्सच्या वेड्यांसाठी ही पंढरीच. तूरमाले घाटाचा १७ किलोमीटरचा चढ इथूनच सुरू होतो, माथा थेट २११५ मीटरवर.

९ जुलै १९१३ ला रेस उलट्या बाजूने आली. बायोन ते लुशाँ, एका दमात ३२६ किलोमीटर. (आपण रविवारी चाळीस मारले की सोमवारी अख्ख्या ऑफिसला कळतं.) युजेन क्रिस्तोफ आदल्या वर्षी दुसरा आलेला. यंदा चान्स पक्का होता, कारण आघाडीवरचा देफ्रे त्याच दिवशी मागे पडला. आणि तूरमाले उतरताना क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा चिमटा तुटला.

नियम कडक. दुरुस्ती ज्याची त्यानेच करायची, दुसरी सायकल तर विसराच. पठ्ठ्याने सायकल खांद्यावर टाकली आणि दहाहून जास्त किलोमीटर खाली पायपीट केली. त्याच उतारावर मी ला माँजीहून चालत निघाले. आता गुळगुळीत डांबर आहे, माझ्या खांद्यावर फक्त कॅमेरा, तरी तासाभरात गुडघे बोलायला लागले.

गावात लोहाराने भट्टी दिली, पण हात लावायची त्याला बंदी! नशीब, क्रिस्तोफ मूळचा कुलपं बनवणारा कारागीर. ऐरणीवर स्वतः लोखंड ठोकत त्याने चिमटा जोडला, आणि रेसचे अधिकारी पहारा देत उभे. एका हाताने भाता आणि दुसऱ्याने हातोडा कसा चालवणार? एका पोराने भाता मारला. झालं, दहा मिनिटांचा दंड! पुढे तो तीनवर आणला म्हणे, पण जवळजवळ चार तास गमावलेल्या माणसाला त्याचं काय? मला तर दंडापेक्षा त्या पहाऱ्याचीच चीड आली.

बरं, सायकल जोडून सुटका नव्हती. पुढे आस्पाँ आणि पेरसूर्द, असे दोन घाट बाकी होते. ते चढून तो लुशाँला पोचला. टप्पा आणि पुढे टूरही फिलिप टीसने जिंकली, क्रिस्तोफ सातवा आला. १९१९ मध्ये टूरची पहिलीवहिली पिवळी जर्सी त्याच्याच अंगावर चढली, तर पुन्हा चिमटा तुटला! टूर त्याला कधीच जिंकता आली नाही.

भट्टी कधीच विझलीय, भिंतीवर पाटी आहे. चौकात क्रिस्तोफचा पुतळा, हातात उंच धरलेला चिमटा. जाणार असाल तर जुलै-ऑगस्ट गाठा. हिवाळ्यात घाट बर्फाने बंद असतो.