पाथर्डी, पण कुठली?

गूगलमध्ये 'पाथर्डी' शोधणारी माणसं दोन प्रकारची असतात. एकांना आमची पाथर्डी हवी असते, म्हणजे नगरच्या पूर्वेला पन्नासेक किलोमीटरवरचं, मढीच्या कानिफनाथांच्या आणि मोहटादेवीच्या तालुक्याचं गाव. दुसऱ्यांना नाशिकचा पाथर्डी फाटा हवा असतो, बहुतेक टू बीएचकेसाठी. गूगल बिचारं काय करणार?

माझ्या मामांचं आमच्या पाथर्डीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. तालुका दुष्काळी. एप्रिलमध्ये बोअरची मोटर जळाली की शेतकऱ्याकडे दोन दिवससुद्धा नसतात, जनावरं तहानेली असतात. आणि हल्ली तोही आधी मोबाइल काढतो. मामांना मात्र फोन यायचे नाशिकच्या सोसायट्यांचे!

साइट उघडून बघितली. पाच पानं, आणि पाचही पानांचं टायटल एकच: 'मुख्यपृष्ठ - सुस्वागतम'. (जुन्या ड्रीमवीव्हरमध्ये टायटल लिहायला विसरलं की 'अनटायटल्ड डॉक्युमेंट' राहायचं. त्याचाच हा मराठी भाऊ.) टायटल म्हणजे ब्राउझरच्या टॅबवर दिसतं ते, आणि शोधलेल्या यादीत ज्यावर आपण बोट ठेवतो तीही बहुतेक वेळा हीच ओळ. त्या ओळीत ना मोटर, ना पाथर्डी.

मी मामांना नवीन ओळ दाखवली: 'मोटर रिवाइंडिंग, पाथर्डी', आणि दुकानाचं नाव शेवटी. मामा म्हणाले, "अरे, पण नाव शेवटी? आजोबांच्या नावाचं दुकानंय. पाटीवर ते पहिलं आहे."

मुद्दा बरोबर होता. पण पाटी वाचतो तो दुकानासमोर उभा असतो. यादी वाचणारा अजून लांब असतो, आणि त्याच्यासमोर दहा दुकानं एकाखाली एक असतात. मी त्यांना एसटीची पाटी आठवायला सांगितली. 'पुणे - पाथर्डी, मार्गे नगर'. महामंडळाचं नाव गाडीच्या अंगावर असतं, पाटीवर नाही, कारण स्टँडवर धावत येणाऱ्याला फक्त आपली गाडी कुठली एवढंच हवं असतं. हे मात्र मामांना लगेच पटलं.

मामेभाऊ कॉलेजात आहे, त्याचं डोकं जोरात चालतं. म्हणाला, तिसगाव, मिरी, करंजी, खरवंडी, शेवगाव, सगळी गावं टाकू! नको रे बाबा. गूगलला टायटल पटलं नाही तर ते पानातलाच दुसरा मजकूर उचलून स्वतःचं टायटल दाखवतं. २०२१ मध्ये त्यांनीच सांगितलं होतं की साधारण ८७ टक्के वेळा ते लेखकाचं टायटल वापरतात. उरलेल्या तेरात आपण कशाला जायचं?

शिवाय जागा कमी. मोबाइलवर मावेल तेवढंच दिसतं, बाकी तीन टिंबं. इंग्रजीवाले पन्नास-साठ अक्षरांचा अंदाज धरतात, तो देवनागरीला जसाच्या तसा लावू नका. 'पाथर्डी' दिसायला तीन अक्षरं, पण संगणकाच्या हिशेबी काना, रफार, वेलांटी धरून सात चिन्हं. मोजत बसण्यापेक्षा सरळ फोनवर बघावं, आणि कामाचे शब्द आधी लिहावेत.

प्रत्येक पानाला वेगळं टायटल दिलं. सबमर्सिबलच्या पानाला 'सबमर्सिबल पंप दुरुस्ती', दराच्या पानाला 'रिवाइंडिंगचे दर'. ते पटकन झालं.

अडलं जिल्ह्याच्या नावावर. नाशिकवाल्यांना टाळायचं तर जिल्हा हवाच. २०२४ मध्ये अहमदनगरचं अधिकृत नाव अहिल्यानगर झालं, पण लोकांच्या तोंडात अजून नुसतं नगर. शेवटी टायटलमध्ये 'पाथर्डी, जि. अहिल्यानगर' ठेवलं आणि पानाच्या पहिल्याच वाक्यात 'नगर-पाथर्डी रस्त्यावर' असं लिहिलं. दोन्हीवाले सापडतील.

नाशिकचे फोन कमी झालेत. पूर्ण थांबले नाहीत. परवाच एकाने फाट्यावरून विचारलं, "किती वेळात येता?" मामा म्हणाले, "जेवून निघतो, रात्रीपर्यंत पोचतो बघा."