हरला तो उठेल

सध्या जुन्या गोष्टी नव्या डब्यात भरून विकायचे दिवस आहेत. गाणी झाली, सिनेमे झाले, आता पार्लरमधले मारामारीचे गेम्स. कॅपकॉमने २०१८ मध्ये स्ट्रीट फायटरच्या तिशीनिमित्त १२ गेम्सचा संच काढला, २०२२ मध्ये १० गेम्सचं 'फायटिंग कलेक्शन', २०२४ मध्ये मार्व्हलवाला संच आणि २०२५ मध्ये 'कलेक्शन २'. मी यातला २०२२ वाला घेतला. पगार कशासाठी असतो शेवटी?

आमच्या लहानपणी लोणावळ्यात बाजारातल्या एका गल्लीत गेम पार्लर होतं. चार मशिन्स, एक टेबल फॅन आणि घामाचा वास. बाहेर चिक्कीची दुकानं, आत 'आडुकेन'चा आरडाओरडा. (खरा शब्द हादोकेन, पण तो कळायला इंजिनिअरिंग कॉलेजचं वायफाय यावं लागलं!) नियम एकच - हरला तो उठेल, जिंकला तो बसेल. मशीनच्या काचेखाली रुपया ठेवला की पुढचा नंबर तुमचा. त्यामुळे चांगल्या खेळाडूला एका रुपयात तासभर खेळता यायचं. पावसाळ्यात भुशी डॅमला आलेली मुंबईची पोरं खिशात सुट्टे घेऊन यायची आणि आमच्या वर्गातला एक मित्र त्यांना ओळीने घरी पाठवायचा. गणितात काठावर पास होणारा हा मुलगा तिथे राजा होता.

आता थोडं तांत्रिक, कारण सवय जात नाही.

१९९१ च्या स्ट्रीट फायटर २ मधले कॉम्बो मुळात ठरवून केलेलेच नव्हते. गेम तपासताना निर्माते फुनामिझू यांच्या लक्षात आलं की वेळ अचूक साधली तर एका फटक्याला दुसरा जोडता येतो. एवढं कठीण कुणाला जमणार, म्हणून ते तसंच राहू दिलं. पुढे सगळा प्रकारच त्यावर उभा राहिला. आमच्या टेस्टिंग टीमला हे सांगायला हवं.

दुसरी गंमत म्हणजे कॅपकॉमच्या सीपीएस-२ बोर्डांची. कॉपी होऊ नये म्हणून गेम कुलूपबंद, आणि किल्ली बॅटरीवर चालणाऱ्या मेमरीत. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाणार आणि बोर्ड ठप्प! हौशी मंडळींनी २००७ मध्ये हे कुलूप पूर्णपणे उलगडलं. एरवी चोरी म्हटलं जातं अशा खटाटोपातून जुने गेम्स टिकले, हे विसरून चालणार नाही.

तिसरी गोष्ट रोलबॅक. सेकंदाला ६० फ्रेम्स, म्हणजे एका फ्रेमला जेमतेम १७ मिलिसेकंद. समोरचा दुसऱ्या शहरात असेल तर त्याचं बटण पोचायला याहून जास्त वेळ लागतो. रोलबॅकमध्ये मशीन थांबत नाही. समोरचा आत्ता करतोय तेच करत राहील असा अंदाज बांधून पुढे जातं, आणि अंदाज चुकला तर मागे येऊन ते फ्रेम्स पुन्हा मांडतं. टोनी कॅनन यांनी जीजीपीओमधून ही पद्धत रुळवली आणि २०१९ मध्ये तिचा कोड सर्वांसाठी खुला केला. या संचात हे उत्तम चालतं.

अर्थात सगळंच मिळत नाही. आपल्याकडे ज्याला सगळे 'मुस्तफा' म्हणायचे तो १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, तोही कॅपकॉमचाच. पण तो एका अमेरिकन कॉमिकवर बेतलेला. २०१८ मध्ये कंपनीने त्या प्रकारच्या सात गेम्सचा संच काढला, त्यातही मुस्तफा नव्हता.

दिवाळीत कन्सोल लोणावळ्याला नेला आणि त्या मित्राला बोलावलं. तो आता पर्यटकांची गाडी चालवतो. पहिल्या दोन मिनिटांत त्याने मला तीनदा झोपवलं. खाली, तिरकं, पुढे, पंच. हात काही विसरलेले नव्हते. चित्र, आवाज, सगळं तेच म्हणाला. मग मागे वळून बघितलं आणि म्हणाला, "पण पाठीमागे उभं कोण आहे रे?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. संचात गेम येतो, रांग येत नाही. ऑनलाइन जगभरातले खेळाडू मिळतात, पण तिथे पोचायला कन्सोल, टीव्ही, बरं इंटरनेट हवं. रुपयावाल्या पोराला हे कुठून परवडणार? मुंबईचा पोरगा आणि आमचा मित्र एका बाकावर बसायचे ते त्या रुपयामुळे.

सध्या कन्सोल वाकडच्या फ्लॅटवर परत न आणता लोणावळ्याच्या घरीच ठेवलाय. शनिवारी लोकलने जातो. चार-पाच जण जमतात, कुणी ना कुणी आपली पोरं घेऊन येतो. आई चहाला वैतागते. नियम जुनाच आहे आणि माझा नंबर फार उशिरा येतो.