वाचनालयाचा लॅपटॉप 'मेला' होता तेव्हाची गोष्ट

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण तुमच्यापैकी कुणी शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या, सोसायटीच्या किंवा वाचनालयाच्या कमिटीवर असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आमचं गाव वाशिष्ठीच्या काठावर. गावात छोटं सार्वजनिक वाचनालय आहे. २०२१ च्या जुलैच्या पुरात खालच्या कपाटातली पुस्तकं गेली आणि ग्रंथ दाखल रजिस्टरांचा अक्षरशः लगदा झाला. वाचलं ते एवढंच, की आमच्या ग्रंथपाल काकांनी सगळी रजिस्टरं आधीच लॅपटॉपवर टाईप करून ठेवली होती आणि लॅपटॉप त्या रात्री त्यांच्या घरी माळ्यावर होता. सहा हजारांवर पुस्तकं, प्रत्येकाचा दाखल क्रमांक, किंमत, देणगीदाराचं नाव. चार वर्षं संध्याकाळी बसून एका माणसाने केलेलं काम. दोन वर्षांपूर्वी काका गेले.

गेल्या महिन्यात तो लॅपटॉप सुरू होईना. २०१३ चा. काळ्या पडद्यावर एकच ओळ, बूट करायला डिस्क सापडत नाही. दुकानात नेला. तिथल्या पोराने दुसऱ्या दिवशी सांगितलं, "काका, विंडोज उडालंय. परत टाकून बघितलं, घेतच नाही. हार्डडिस्क गेली असणार. एक्स्चेंजमध्ये दीड हजार देतो, नवीन घ्या." कमिटीत ठराव व्हायला दहा मिनिटं लागली नाहीत. मीही हात वर केला. मग सहज विचारलं, रजिस्टरची कॉपी कुठे आहे? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुठेच नव्हती. कमिटीत मीही आहे, त्यामुळे बोट दुसऱ्याकडे दाखवत नाही. इतक्या वर्षांत एकालाही एक पेनड्राइव्ह लावावासा वाटला नाही.

लॅपटॉप घरी आणला. मी काही इंजिनिअर नाही, यूट्यूब बघून करणारा माणूस. विंडोज १० चा पेनड्राइव्ह बनवला, तर तो बूटच्या यादीत दिसेना. तासभर गेल्यावर कळलं, पेनड्राइव्ह एनटीएफएस फॉरमॅटमध्ये होता आणि या मशीनला फॅट ३२ लागतो. तो पुन्हा केला. आता इन्स्टॉलेशन सुरू झालं आणि डिस्क निवडायच्या पानावर अडकलं. म्हणे, या डिस्कवर एमबीआर टेबल आहे, ईएफआय मशीनवर फक्त जीपीटी डिस्कवरच विंडोज टाकता येतं. 'नेक्स्ट' दाबताच येईना.

यावर जो तो व्हिडिओ एकच उपाय सांगतो: कमांडची खिडकी उघडा, डिस्कपार्ट चालू करा, 'क्लीन' टाईप करा, एंटर. मी टाईप केलंसुद्धा. एंटर दाबणार, एवढ्यात डोक्यात आलं की डिस्क गेली म्हणतात, मग ही दोन्ही पार्टिशन बरोबर साइझसकट दिसतायत कशी? डिस्क दिसतेय म्हणजे काकांचं काम अजून आत असणार. आणि 'क्लीन' म्हणजे पार्टिशनचा सगळा हिशोबच पुसणं.

मशीन बंद केलं. बायोसमध्ये जाऊन बघितलं तर तारीख १ जानेवारी २०१२.

तिथे ट्यूब पेटली. मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२. तो तारीख आणि बायोसची सेटिंग्ज धरून ठेवतो. तो संपला होता. मोठी बॅटरी तर केव्हाच गेलेली. त्यामुळे चार्जर काढला की सेटिंग्ज कंपनीच्या मूळ जागी, म्हणजे यूईएफआय मोडवर. आणि पूर्वी कुणीतरी विंडोज टाकलं होतं ते लेगसी मोडमध्ये. म्हणून जुनं विंडोज सापडत नव्हतं आणि म्हणूनच नवीन जात नव्हतं. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. विंडोज उडालंच नव्हतं.

तरी घाई केली नाही. आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालवलं (इन्स्टॉल न करताही चालतं) आणि सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी केलं. रजिस्टरची फाइल उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि भलतीच चिन्हं. पोटात गोळा आला. मग आठवलं, काका सी-डॅकच्या जुन्या सॉफ्टवेअरमधल्या 'सुरेख' फॉन्टमध्ये टाईप करायचे. युनिकोड नाही. फॉन्ट नसेल तर मराठीचा असाच कचरा दिसतो. बायोसमध्ये लेगसी मोड लावला, मशीन सुरू केलं आणि जुनं विंडोज गपचूप उघडलं. फाइलही. पहिली ओळ, दाखल क्रमांक १. काकूंना फोन केला. त्या थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत.

सेल शंभर रुपयांच्या आत मिळाला. जुनी डिस्क काढून पाकिटात घालून, वर वाचनालयाचा शिक्का मारून कपाटात ठेवली. नवीन एसएसडी टाकली. आता विंडोज कुठलं टाकायचं? १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर. ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आमचा तिसऱ्या पिढीचा. म्हणून मिंटच टाकलं. पुस्तकांची नोंद, पत्रं, अर्ज, सगळं होतंय. फाइल आता युनिकोडमध्ये करतोय, तीन ठिकाणी कॉपी ठेवून.

दुकानातल्या पोराला दोष देणार नाही. त्याला दिवसाला दहा मशीन्स उरकायची असतात आणि नवीन विकण्यात चार पैसे सुटतात. प्रश्न आपला आहे. लॅपटॉप 'मेला' हे ठरवतं कोण? राज्यात किती शाळांत, किती कार्यालयांत अशी मशीन्स कपड्याखाली झाकून पडलीत आणि त्यांच्या पोटात काय काय आहे? सरकारचे ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम आहेत, ग्राहक व्यवहार विभागाचं राइट टू रिपेअर पोर्टलही आहे. पण निर्लेखनाच्या ठरावाआधी "आतल्या माहितीचं काय?" हा प्रश्न कमिटीच्या बैठकीत आपणच विचारायचा असतो.

एवढंच करा. जुनं मशीन देण्याआधी त्याची डिस्क काढून घ्या. बायोसमधली तारीख बघा. आणि 'क्लीन' लिहून एंटर दाबण्याआधी एकदा थांबा.

तुमच्या गावच्या वाचनालयाचं रजिस्टर कुठे आहे, त्याची कॉपी आहे का? उद्या जाऊन विचारा आणि कमेंटमध्ये सांगा. फॉन्ट बदलायला मदत लागली तर मला हाक मारा, रविवारी मी मोकळा असतो.