फजरनंतरची शाळा

गेली दोन वर्षे आमच्या घरात फजरच्या नमाजनंतर एक शाळा भरत होती. विद्यार्थी एकच, वय ४३, दाढीचे केस निम्मे पांढरे. शिकवणारी त्याचीच बायको. फळ्याऐवजी जेवणाचे टेबल आणि मध्ये चहाचे दोन कप. आम्ही दोघांनी हे दिवस कसे काढले ते लिहावे, असे बरेच दिवस मनात होते. आमच्यासारखी घरे कोकणात पुष्कळ आहेत, कुणाला उपयोग झाला तर बरेच.

श्रीवर्धन तालुक्यातले आमचे गाव. घरटी एक माणूस आखातात, ही इथली जुनी रीत. आमचे हेसुद्धा बाविसाव्या वर्षी गेले होते. बागकाम करणाऱ्या एका कंपनीत तीन वर्षे खजुरीच्या वाळक्या झावळ्या कापल्या, हिरवळीला पाणी घातले. झाडावर हे चढायचे, पण फांदी कुठे कापायची ते खाली उभा असलेला साहेब सांगायचा. त्याच्याकडे कागद होता, यांच्या व्हिसावर ‘हेल्पर’ लिहिलेले होते. परत आले तेव्हाही तोच शब्द घेऊन आले. मग गावातच माडावर चढणे, आंब्यावरचे बांडगूळ काढणे, कलमांची छाटणी, अशी कामे सुरू झाली. आमची शाळेची नोकरी होती, त्यामुळे चूल कधी थंड राहिली नाही.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ आमच्याच किनाऱ्यावर आले. सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या, माड मोडले, घरांवर झाडे पडली. पुढचे कितीतरी महिने हे कुऱ्हाड, दोर आणि लाकूड कापायची मशीन घेऊन फिरत होते. त्याच काळात सौदीतल्या आमच्या एका नातेवाइकाने फोनवर सांगितले, “भाई, इथं आता झाडांच्या कामाला जाणकार माणूस लागतो. पण हातात सर्टिफिकेट पाहिजे.” २०२१ मध्ये सौदी सरकारने देशभरात १,००० कोटी झाडे लावण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. झाड लावणे एक आणि ते वर्षानुवर्षे सांभाळणे वेगळे. हे सांभाळण्याचे शास्त्र शिकलेल्या माणसाला आर्बोरिस्ट म्हणतात.

आम्ही चौकशी केली. ‘इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर’ ही १९२४ साली अमेरिकेत सुरू झालेली संस्था अशा लोकांची परीक्षा घेते. परीक्षेला बसायला या कामाचा किमान तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो, संबंधित शिक्षण असेल तर त्यात थोडी सूट मिळते. २०० प्रश्न, साडेतीन तास, चार उत्तरांतून एक निवडायचे. प्रश्न झाडाच्या शरीररचनेवर, मातीवर, छाटणीवर, रोगांवर, धोकादायक झाड ओळखण्यावर आणि कामातल्या सुरक्षेवर.

अनुभव तीन काय, अठरा वर्षांचा होता. पण तो दाखवायचा कसा? आमच्याकडे कामाचा हिशेब तोंडी आणि मजुरी रोख. दोन महिने हे बागायतदारांच्या दारोदार फिरले. कुणी पत्र दिले, कुणी जुनी पावती शोधून काढली. एक म्हातारे बागायतदार म्हणाले, “इतकी वर्षं माझ्या कलमांवर चढतोस, आजपर्यंत तुला चिठ्ठी मागावी लागली नाही.” ते ऐकून आम्हा दोघांनाही वाईट वाटले आणि थोडी लाजही वाटली. चिठ्ठी आम्हीच कधी मागितली नव्हती.

खरी अडचण इंग्रजीची. यांचे शिक्षण दहावीपर्यंत, तेही उर्दूतून. अभ्यासाचे जाड पुस्तक शॅरन लिली या अमेरिकन बाईंनी लिहिलेले. आम्ही एक लांब वही घेतली आणि तिचे तीन रकाने केले. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मराठी किंवा उर्दू, तिसऱ्यात आमच्या गावचा शब्द. मुळांनी शोषलेले पाणी वर नेते ती जलवाहिनी, पानांनी तयार केलेले अन्न खाली आणते ती रसवाहिनी. हे आठवीच्या मुलांना शिकवून आम्हाला पाठ होते. पण तिसरा रकाना भरायला लागलो की गुरू आणि शिष्य जागा बदलत. बांडगूळ फांदीत कसे रुजते, हे पुस्तकापेक्षा यांनी चांगले सांगितले.

एका सकाळी पुस्तकात छाटणीचा धडा आला. झाडाचा शेंडा किंवा मोठ्या फांद्या मधूनच तोडून झाड बुटके करणे ही मोठी चूक आहे, असे त्यात स्पष्ट होते. माणसाची जखम भरते, झाडाची भरत नाही. अ‍ॅलेक्स शायगो या शास्त्रज्ञाने हजारो खोडे चिरून दाखवले, की झाड जखमेभोवती आतून भिंती उभ्या करते आणि नवे लाकूड तिच्यावरून वाढवते. कुजलेला भाग आतच बंद होतो. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे थोडा फुगवटा असतो, भिंत घालायची ताकद त्या जागी असते. फुगवटा राखून कापले तर झाड निभावून नेते. मधेच कापले तर कूज आत उतरते, आणि वर जे जोमदार फुटवे येतात त्यांची पकड कच्ची असते. पुढच्या वादळात तेच मोडतात. कापलेल्या जागी डांबर फासल्याने कूज थांबत नाही, हेही तिथे होते.

यांनी पुस्तक मिटले आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “कब्रस्तानातल्या तिन्ही चिंचा मीच तोडल्या ना?”

होय. वादळानंतर लोक घाबरले होते. जमातीने सांगितले, झाडे अर्ध्यावर आणा. यांनी आणली, वर डांबरही फासले. सगळ्यांनी दुआ दिली, पैसे तर यांनी घेतलेच नव्हते. आता त्या चिंचांवर झाडूसारखे फुटवे आले होते आणि गाव म्हणत होता, बघा कशी जोरात वाढली. त्या दिवसानंतर आठवडाभर शाळा बंद राहिली. “अठरा वर्षं चुकीचंच करत आलो, आता काय शिकायचं?” हा यांचा प्रश्न. सगळेच चुकीचे नव्हते, पण जे चुकले ते यांना रोज मशिदीत जाताना दिसत होते.

आमच्या वर्गात उत्तर चुकले की मूल वही झाकते. त्याला आपण म्हणतो, झाकू नकोस, खोडून पुन्हा लिही. घरात तेच सांगणे किती अवघड असते ते तेव्हा कळले. आठव्या दिवशी फजरनंतर हे स्वतःच वही घेऊन बसले. म्हणाले, “मुसलमानानं झाड लावलं आणि त्याचं फळ माणसानं, पाखरानं, जनावरानं खाल्लं तरी त्याला सदक्याचा सवाब आहे, असं आपण ऐकतो. मग बिघडवलेलं झाड सुधारलं तर काहीतरी मिळेलच.”

पहिल्या वेळी हे नापास झाले. मातीच्या प्रश्नांनी घात केला. गावात दोघा-तिघांनी थट्टा केली, फी गेली ती वेगळीच. आम्ही मातीचा धडा पुन्हा सुरू केला. अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या फूट-दीड फूट मातीतच असतात आणि फांद्यांच्या सावलीबाहेरही दूर पसरतात, हे समजल्यावर यांनी आंगणातल्या आंब्याच्या बुंध्याशी रचलेला भराव त्याच दिवशी काढून टाकला. दुसऱ्या वेळी पास झाले. अल्हम्दुलिल्लाह.

या वाटेने जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. हे प्रमाणपत्र म्हणजे व्हिसा नव्हे, एजंट काहीही सांगो. ते तीन वर्षे टिकते, आणि त्या काळात पुढचे शिक्षण घेऊन ३० गुण मिळवले तर पुन्हा परीक्षा न देता वाढते. दुसरे, हा ज्ञानाचा दाखला आहे. ब्रिटनमध्ये मशीन चालवणे, झाडावर चढणे आणि वर अडकलेल्या माणसाला उतरवणे यांच्या परीक्षा वेगळ्या असतात. ऑस्ट्रेलियात या विषयाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, त्यातली ‘सर्टिफिकेट थ्री’ ही कामाची पायरी. म्हणून आधी देश ठरवा, मग कागद.

यांना आखातात काम मिळाले आहे. करारावर हेल्पर लिहिलेले नाही, तो शब्द आम्ही दोघांनी शोधून पाहिला. पुढच्या महिन्यात निघायचे. मुलगी दहावीला आहे, आणि बाविसाव्या वर्षी घर सोडणे वेगळे, या वयात वेगळे. बॅग भरताना आम्ही दोघेही जरा जास्तच कामात असल्याचे दाखवतो.

गेल्या हिवाळ्यात यांनी जमातीसमोर आपली चूक सांगितली आणि चिंचा दुरुस्त करायची परवानगी मागितली. काही जण म्हणाले, सरळ तोडूनच टाका. यांनी प्रत्येक झाड तपासले, कुठे पोकळ आहे, कुठे धड आहे ते दाखवले, आणि तिन्ही वाचवली. प्रत्येक तुटक्या फांदीवरचे एक-दोन चांगले फुटवे ठेवायचे, बाकीचे थोडे थोडे करून काढायचे. हे काम एका वर्षात होत नाही, चार-पाच वर्षे लागतात.

म्हणून सध्या फजरनंतर आमची शाळा कब्रस्तानात भरते. विद्यार्थी आहे पुतण्या, वय १९. परवा यांनी त्याला फांदी तीन कापांत उतरवायला शिकवले. पहिला काप खालून, म्हणजे साल फाटत नाही. दुसरा थोडा पुढे, वरून, म्हणजे फांदीचे वजन उतरते. तिसरा फुगवट्याच्या बाहेर. पुतण्याने कापून वर पाहिले. हे म्हणाले, “बरोबर. आता वहीत लिही. तारीखसुद्धा घाल, उद्या तुला दाखला लागेल.”