उंबराचं फूल

बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या मित्राला आपण म्हणतो, "काय रे, उंबराचं फूल झालास!" मग उंबराला फूल येतच नाही का? येतात की, शेकड्यांनी येतात! फक्त ती दडलेली असतात फळाच्या पोटात.

भीमाशंकरला गेलात तर नुसतं दर्शन घेऊन परत फिरू नका. पुणे जिल्ह्यातलं हे जंगल 1985 साली अभयारण्य झालं. तिथल्या पायवाटेवर फळांनी लगडलेला उंबर दिसला, की गुपचूप थांबा. फळं थेट खोडाला नि जाड फांद्यांना चिकटलेली! वर बुलबुल, तांबट, हरियाल यांची नुसती झुंबड. आणि नशीब असेल तर आपला राज्यप्राणी शेकरू. मागच्या पायांनी फांदी धरून तो उलटा लोंबकळतो आणि पुढच्या दोन पायांत फळ धरून खातो. रात्री वटवाघळांची पंगत बसते, ती वेगळीच.

आता गंमत बघा. जांभळं पिकली की सगळीकडे एकदमच पिकतात आणि संपतातही. उंबरांचं तसं नाही. आज हा पिकला, तर पुढच्या महिन्यात पलीकडचा. याचं कारण आहे तिळाएवढी एक माशी. गावाकडे तिला केंबरं म्हणतात. ती बारीक भोकातून फळात शिरते, आतल्या फुलांवर पराग पोचवते, अंडी घालते नि तिथंच मरते. तिची पिल्लं बाहेर पडली की त्यांना एक-दोन दिवसांतच दुसरा उंबर गाठावा लागतो. सगळे उंबर एकदम फळले असते, तर ती गेली असती कुठे?

म्हणूनच रानात दुसरं काही पिकलेलं नसतं, तेव्हाही कुठला तरी उंबर जेवण वाढत असतो. हे पाहुणे इतर झाडांच्या बियाही पोटातून आणून टाकतात, त्यातून नवी रोपं उगवतात.

दगडी कमानीच्या माथ्यावरचा मधला दगड काढला तर कमान ढासळते. 1969 साली रॉबर्ट पेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने अशा जिवांना त्या दगडाचंच नाव दिलं. आपण त्यांना कळीचे जीव म्हणू. उंबर, वड, पिंपळ ही त्यातलीच मंडळी. पण उंबराचं लाकूड हलकं, टिकाऊ नाही. त्यामुळे रस्ता रुंद करताना 'बिनकामाचा' म्हणून त्याच्यावर सहज कुऱ्हाड पडते. हिशेब फक्त लाकडाचा होतो, पंगतीचा नाही!

तुमच्या गावात उंबर असेल, तर खाली पडलेलं एक फळ उघडा आणि भिंग घेऊन बसा. फुलं दिसतील. केंबरं मात्र भुर्रकन उडून जातील हं!